पाण्याने जागी होणारी स्मृती

शरीरात बसविलेली वस्तू तिचे काम संपल्यावर बाहेर काढावयाची कशी, हा शस्त्रक्रियेपुढील जुना प्रश्न आहे. जनावरांच्या आतड्यांपासून केलेला कॅटगटचा धागा शरीरातच जिरत असे. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक अम्लाचा कृत्रिम धागा त्याच्या जोडीला आला. त्याच्या रेणूंतील एस्टर बंध पाण्याने तुटतात आणि उरलेल्या अंशांची विल्हेवाट शरीर लावते.

दुसरा प्रश्न वस्तू आत नेण्याचा. छेद लहान ठेवावयाचा, तर वस्तू मिटून आत न्यावी लागते आणि जागेवर पोहोचल्यावर ती उलगडावी लागते. आकारस्मृती असलेली बहुवारिके येथे उपयोगी पडतात. अशा पदार्थातील लांब रेणुसाखळ्या काही ठिकाणी कायमच्या जखडलेल्या असतात. पदार्थ गरम करून वाकविला आणि तसाच थंड केला, की साखळ्या त्या अवघडलेल्या स्थितीत गोठतात. पुन्हा ऊब मिळताच त्या सैल होतात आणि मूळ आकार परततो. २००२ साली लेंडलाइन आणि लँगर यांनी शरीरात विरघळणारा असा धागा तयार केला. त्याची सैल गाठ ४० अंश सेल्सियसला २० सेकंदांत आपोआप आवळली गेली.

परंतु शरीराचे तापमान ३७ अंश. त्याहून बरीच अधिक उष्णता ऊतींना अपाय करते. उलट फार कमी उष्णतेने उलगडणारी वस्तू शस्त्रवैद्याच्या हातातच उघडेल. या पेचातून पाणी वाट दाखविते. पावसाळ्यात कुरकुरीत पापड सादळतो, तो तापल्यामुळे नव्हे. हवेतील ओल आत शिरून त्यातील रेणूंची पकड ढिली करते म्हणून. २००५ साली सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी पॉलियुरेथेनमध्ये हेच दाखविले. पाणी हायड्रोजन बंध दुबळे करते, मऊ होण्याचे तापमान खाली येते आणि उष्णता न देताही आकार परततो. ते पॉलियुरेथेन विरघळणारे नव्हते. मात्र हे तत्त्व जिरणाऱ्या बहुवारिकांनाही लागू पडते.

खरी कसोटी येथेच आहे. जे पाणी आकार जागा करते, तेच पुढे पदार्थाचे बंध तोडते. पहिले काम मिनिटांत वा तासांत व्हावे. दुसरे मात्र जखम भरेपर्यंत लांबावे. शिवाय ओल शिरताच पदार्थ मऊ होतो, म्हणजे आधार देण्याच्या वेळीच त्याचे बळ घटते. वेळ चुकल्यास काय होते, याचा धडा एका वेगळ्या साधनाने दिला आहे. पॉलिलॅक्टिक अम्लाचा, फुग्याने उघडणारा, हृदयाच्या रोहिणीतील विरघळता आधार २०१६ साली अमेरिकेत मान्य झाला. धातूच्या जाळीपेक्षा त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण अधिक आढळले आणि २०१७ साली त्याची विक्री थांबली. त्याच्या जाड काड्या आणि त्यांचे विस्कळीत होणे, ही त्याची कारणे मानली जातात.

म्हणून केवळ उलगडणारा किंवा केवळ विरघळणारा पदार्थ पुरेसा नाही. पाण्याची ही दोन्ही कामे एकमेकांपासून योग्य अंतरावर ठेवता आली, तरच असे साधन रुग्णाच्या शरीरात विश्वासाने ठेवता येईल.