पोरगी परदेशात रजिस्टर लग्नाला पाठवायची का?

अमरावती-अकोल्याच्या पोरी आता पुण्या-मुंबईच्या पुढे चालल्या आणि स्थळंही तिकडची येऊ लागली. आमच्या गटातल्या एका काकूंनी हप्त्याच्या बैठकीत विचारलं, "पोरगं इंग्लंडात नोकरीवर हाय. म्हनते, सुट्टी भेटत नाही, पोरीलेच पाठवा, इकडंच रजिस्टर लगन करून टाकू. पाठवू का?"

आम्ही लगेच हो म्हटलं नाही. इंग्लंडात साध्या फिरायच्या व्हिसावर लग्न लावता येत नाही. लग्नासाठीचा व्हिसा वेगळा असतो. त्यावर सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही आणि लग्न झालं तरी पोरीला परत यावं लागतं. मग बायको म्हणून नव्याने अर्ज करायचा. म्हणजे विमानाचं भाडं दोनदा! तिथे दोघांनी किमान सात दिवस राहून रजिस्टर ऑफिसात समक्ष नोटीस द्यायची, पुढे २८ दिवस थांबायचं. चौकशी लागली तर ७० दिवस. साक्षीदार दोन. या सरकारी समारंभात धार्मिक काही चालत नाही, मंगलाष्टकं नंतर घरी म्हणा. नुसता हॉल घेऊन भटजींकडून लावलेलं लग्न तिथला कायदा धरत नाही.

आपल्याकडे लोक 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, पण त्यात कोर्ट नसतं, विवाह अधिकारी असतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं. नोटीस कार्यालयात लागते, ३० दिवस हरकतीसाठी थांबतात, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची हवी. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सह्या म्हणजे लग्न नव्हे, कोणी कितीही छातीठोक सांगो.

म्हणून काकूंना आम्ही म्हटलं, जावयाला पंधरा दिवस रजा काढू द्या. आपल्या पद्धतीने इथे लग्न लावा आणि लगेच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवा. यात ३० दिवसांची नोटीस लागत नाही, आणि तोच दाखला पुढे व्हिसाला कामी येतो. ज्याला लग्नासाठी पंधरा दिवस काढता येत नाहीत, त्याची थोडी चौकशी केलेली बरी, असं आपलं आमचं मत.

कोणाच्या लेकीचं लग्न त्या देशाच्या कायद्याने तिकडे झालंच असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीत त्याची नोंद करता येते. दोघांतला एक जण तरी भारताचा नागरिक हवा.

खरी अडचण कागदांची. पोरीच्या जन्माची नोंदच नाही, शाळेच्या टीसीवर बाबाराव, आधारवर बाबुराव, पासपोर्टवर तिसरंच. हे सगळं व्हिसाच्या अर्जाआधी एकसारखं करून घ्या. काही देश दाखल्यांवर अपोस्टिलचा शिक्का मागतात. त्यासाठी आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. याला वेळ लागतो.

आणखी एक, हे बायांना सांगताना जीव जड होतो. पहिलं लग्न मोडलेलं असेल आणि चार पंचांसमोर फारकतीचा कागद झालेला असेल, तर तो कागद तिकडे चालत नाही. कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमच लागतो. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. हाच नियम मुलालाही लागू. त्याचं आधीचं लग्न आहे का, हे विचारायला लाजू नका. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचं पत्र मागा; खरा माणूस दाखवतो. लग्न करून पोरीला सोडून गेला तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या प्रकरणांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथे तक्रार करता येते.

पुढच्या हप्त्याच्या बैठकीला ज्यांच्या घरी असं स्थळ आलंय त्यांनी पोरीची टीसी, आधार आणि जन्मदाखला सोबत आणा. नावं जुळतात का ते आम्ही बसून बघू.