पाना कुणाच्या हातात?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्राला संयोजकांनी ‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’ असं भारदस्त नाव दिलं आहे. मी बोलणार आहे सायकलीबद्दल. त्यातही ती चालवण्याबद्दल कमी आणि खोलण्याबद्दल जास्त. काल चहाच्या वेळी एकीने मला विचारलं, की मारहाण, पोटगी, रेशन असे प्रश्न दाराशी उभे असताना हे पंक्चरचं काय काढलंय? तिला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर सांगते.

सायकल बाईच्या आयुष्यात काय करते हे आपल्याला पाठ आहे. १९९१-९२ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या जोडीने बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होत्या. हजारो ग्रामीण बाया सायकलीवर बसल्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, बालवाडी चालवणाऱ्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेलं तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. पुढे बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा हिशेब मांडला, तेव्हा त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि जिथे शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडे होती तिथे वाढ विशेष होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. वाटपाचे फोटो छापून येतात. सायकली रांगेत, मुली रांगेत, मधोमध पाहुणे.

माझा प्रश्न त्या फोटोनंतरचा आहे. ती सायकल सहा महिन्यांनी कुठे असते?

आमच्या एका शिबिरात नववीतली एक मुलगी होती. शाळा चार किलोमीटरवर. तिची सायकल पाच आठवडे गोठ्याच्या भिंतीला टेकून होती, वर सरपण रचलेलं. मागचं चाक हवा धरत नव्हतं. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, की ट्यूब गेली, आता मजुरीचे पैसे आले की नवी घेऊ. मजुरीला आधी किराणा, मग दवाखाना. मुलगी आधी पायी जायची, मग आठवड्यातून तीन दिवस जायला लागली, मग चाचणी बुडाली. आम्ही सायकल शिबिरात आणवली. ट्यूब ठणठणीत होती. खराब झाली होती ती वालट्यूब. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर रबराची एक बारीक नळी चढवलेली असते, ती उन्हाने कडक होते, चिरते आणि हवा सोडते. बोटाच्या पेराएवढं रबर! जुनं ओढून काढायचं, व्हॉल्व्हची पितळी दांडी थुंकीने ओली करायची, नवं चढवायचं, झालं. त्या पोरीने ते स्वतः केलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, ‘‘एवढंच होतं?’’

त्या ‘एवढंच’साठी तिने पाच आठवडे घालवले. कारण घरात ते कुणाला दिसलं नाही, आणि सायकलचं दुकान बाजारच्या गावी, एस.टी. स्टँडशेजारी, पानटपरीला लागून. तिथे मुलीने एकटीने उभं राहायचं नाही, भावाबरोबर पाठवायची, आणि भावाला वेळ नाही. म्हणजे चालवण्याचं स्वातंत्र्य मुलीला दिलं, पण ते चालू ठेवण्याची किल्ली कुणा ना कुणा पुरुषाच्या खिशात राहिली.

आपल्याला यंत्रातलं कळत नाही, हे आपल्याला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आपणच ते म्हणतो. आपल्या आयांनी पंपाचा स्टोव्ह वर्षानुवर्षं चालवला. पंपात जोर राहिला नाही की दट्ट्या बाहेर काढून चामड्याचा वायसर तेलात भिजवायचा, कडा फाकवायच्या आणि पुन्हा बसवायचा. जुन्या सायकल पंपात हुबेहूब तसाच वायसर असतो! शिलाई मशीनचं टेन्शन जुळवणं, शटलमधला धागा काढणं, पट्टा सैल झाला की कापून जोडणं, हे सगळं यंत्रकाम आहे. पण ते घरात होतं म्हणून त्याला कुणी मेकॅनिक म्हणत नाही. ही गोष्ट काही आपल्याच देशापुरती नाही. अमेरिकेत सायकलीची लाट होती तेव्हा, १८९६ साली, मारिया वॉर्ड या बाईने खास बायकांसाठी सायकलीचं पुस्तक काढलं. त्यात ‘स्त्रिया आणि हत्यारं’ असं एक स्वतंत्र प्रकरण आहे. सव्वाशे वर्षं उलटली, विषय तसाच ताजा.

आता ‘लेडीज’ सायकलीकडे वळू. पुरुषी सायकलीची फ्रेम बघा. सीटखालची नळी, हँडलपासून पेडलकडे उतरणारी नळी आणि वरची आडवी दांडी, असा जवळजवळ त्रिकोण होतो. त्रिकोणाचा आकार दाबून मोडत नाही. कैचीवर तोललेलं घराचं छप्पर आठवा, तेच तत्त्व. लेडीज सायकलीत वरची दांडी खाली ओढली, कारण घागरा, लुगडं, झगा. त्रिकोण फसकटला. मग तेवढाच कणखरपणा आणायला नळी जाड घ्या किंवा दोन नळ्या घाला, म्हणजे वजन वाढलं. पोशाखाचा भार मुलीने असा पायांनी ओढायचा! पुदुकोट्टईत काही बायांनी मुद्दाम दांडीच्या सायकली पसंत केल्या, कारण दांडीवर पोर बसवता येतं. आज आपल्या बहुतेक मुली सलवार किंवा पँट घालतात, तरी घरचे म्हणतात, मुलीची जात, लेडीजच हवी.

पण मुलींना विचारलंत तर त्या वेगळंच सांगतात. एक म्हणाली, ‘‘ताई, लेडीजच बरी. भाऊ लाजतो, नेत नाही.’’ यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

फ्रेम कुठलीही असो, पहिला पाना लागतो सीटखालच्या बोल्टला. वाटपाची सायकल आली तशी सगळ्या मुली चालवतात, कुणाचे पाय टेकत नाहीत, कुणाचे गुडघे छातीला लागतात. बोल्ट सैल करा, सीट खाली-वर करा, घट्ट आवळा. फक्त दांडा फार वर काढू नका, चांगला बोटभर तरी आत राहू द्या, नाहीतर वाकतो. हे एक काम जमलं की मुलीची भीड चेपते, कारण बदल तिला लगेच मांड्यांत जाणवतो. दुसरी गंमत डाव्या पेडलची. त्याचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने फिरवत बसलं की आणखी आवळत जातं आणि आपण समजतो आपल्यात ताकद नाही. ताकदीचा संबंध नाही. पाना उभा धरून वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की दोन्ही बाजूंची पेडलं सैल होतात, पुढे ढकललं की आवळतात. चेन दोन बोटांनी मधोमध दाबून बघावी, अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. तिला शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. चेनच्या जोडाला जी छोटी क्लिप असते, तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, नाहीतर वाटेत निसटते.

आता हत्यारं न्यायची कशी? बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, आणि ही काही शिंप्याची विसरभोळी चूक नव्हे! म्हणून हत्यारांचं घर सायकलीवरच करायचं. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवा, सीटखाली दोन बंदांनी बांधा. आत दोन्ही टोकांना निरनिराळ्या मापांची भोकं असलेला पाना, एक डिसमिस, टायर काढायच्या दोन पट्ट्या, सोल्यूशनची ट्यूब, चार ठिगळं, घासकागदाचा तुकडा आणि वालट्यूब वीतभर. सगळं जुन्या साडीच्या फडक्यात घट्ट गुंडाळा. नाहीतर शाळेपर्यंत खुळखुळ वाजतं आणि पोरं हसतात. त्याच फडक्याला हात पुसता येतात. हँडलला लोंबती पिशवी लावू नका, ती वळणावर स्पोकमध्ये जाते. पाना पाठीवरच्या दप्तरातही नको, पडलो तर मणक्यात बसतो. पंप फ्रेमला बांधा. तो चोरीला जातो हे खरं, शाळेत उतरलात की काढून वर्गात न्या.

आपल्या रानात बाभळीचे काटे आणि सराटे. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा तिथेच असतो आणि घाई केली की पाचशे पावलांवर पुन्हा पंक्चर. रस्त्यात पाणी नसलं तर हवा भरलेली ट्यूब गालाजवळून फिरवायची, बारीक फुंकर लागते. सोल्यूशन लावलं की थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ.

सगळंच घरी करावं असं मी म्हणत नाही. फ्रीव्हील, कॉटर पिन, चाकाचा आऊट, ही दुकानाची कामं. फोर्क वाकला तर तो ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नका, लोखंडाला चीर गेली तर भर रस्त्यात मोडेल. पण दुकानात जाताना भागाचं नाव माहीत असलं की भाव विचारता येतो आणि बदललेला जुना भाग परत मागता येतो. सायकलवाले आपले शत्रू नव्हेत. आमच्या शिबिरात एक म्हातारे कारागीर शिकवायला येतात, स्पोक आवळायचं कसब त्यांच्याकडून घ्यावं. ते ओव्हरहॉलिंगला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो.

शिबिरात आमचा एकच कडक नियम आहे. दुसरीच्या हातातून पाना घ्यायचा नाही. बोटाने दाखवा, तोंडाने सांगा, पण हात लावायचा नाही. ‘‘दे इकडे, तुला नाही जमायचं,’’ हे वाक्य आपण जन्मभर ऐकलंय, आणि सांगायला खेद वाटतो, आता आपल्याही तोंडी बसलंय. शिबिराच्या पहिल्या तासात ते दहा वेळा तरी ऐकू येतं.

आणखी एक सांगते, कारण याचा अनुभव येऊ लागला आहे. मुलगी शिकली की घरातल्या चारही सायकली तिच्यापुढे येतात. भाकरी, धुणी, पाणी, आणि आता पंक्चरही! एका मुलीने यावर भिंतीवर खडूने दरपत्रक लिहिलं. भावाला निम्मा दर, पण उधारी नाही. आईने आधी कपाळावर हात मारला. लग्नाच्या पोरीची नखं काळी, म्हणून तिची आधीपासूनच तक्रार होती. मग पहिल्या आठवड्याचे पैसे मोजायला तीच बसली.

बोलणं पुरे. बाहेर मांडवात तीन सायकली उलट्या करून ठेवल्या आहेत, दोन दांडीच्या आणि एक लेडीज. पाच-पाचजणींचे गट करा. ज्यांनी आजवर पाना धरलेला नाही त्या आधी पुढे या. बांगड्या मनगटावर वर सरकवा आणि पदर खोचा. मागचं चाक काढण्यापासून सुरुवात करू.