रिकामी दावण



गोशाळेत गाय दगावते तेव्हा तिचे सुतक कोणी पाळत नाही. तरीही ज्याने तिच्या जखमा धुतल्या, तोंडाशी चारा धरला, त्या सेवेकऱ्याच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरत नाही. कसायाच्या वाटेवरून सोडवून आणलेली गाय आरंभी माणसाला पाहताच बिचकते. पुढे तीच त्याची पावले ओळखून हंबरू लागते. हा विश्वास संपादन करण्यास महिने लागतात. म्हणूनच तिच्यामागे रिकामी राहिलेली दावण पाहवत नाही. हा शोक खरा आहे. त्यात लाजण्याजोगे काही नाही.

मात्र या शोकाचा आणखी एक धनी असतो आणि त्याची आठवण सहसा निघत नाही. तो म्हणजे तिचा मूळ मालक. भोकरदन तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी हौसेने गाय विकत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्याला झाड जगवता आले नाही, त्याने जनावर कशावर जगवावे? मोठ्या जनावराला दिवसाकाठी पाच-सहा किलो कोरडा चारा तरी लागतोच. कडब्याची गंजी संपते, दावे सुटते आणि घरची माउली पदराने डोळे पुसते. गोशाळेतील शोकाचा आरंभ त्या अंगणात झालेला असतो.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी आली. २०१५ मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. हे स्वागतार्हच आहे. परंतु कायदा सुरी अडवू शकतो, गव्हाण भरू शकत नाही. ती समाजानेच भरावयाची असते.

सुरीपासून वाचलेली गाय पुष्कळदा सुशिक्षितांच्या निष्काळजीपणाने मरते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. उरलेले अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर फेकले जाते. गाय ते पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचून राहते. पोट भरलेले दिसते, शरीर मात्र उपाशी असते. त्या कचऱ्यात तार वा खिळा असला तर तो पोट भेदून हृदयापर्यंतही पोचू शकतो. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यातील हजारो जनावरे दगावली. तो रोग डास, माश्या व गोचिडांमार्फत पसरतो. वेळेवर लस आणि स्वच्छ गोठा, हीदेखील गोपूजाच होय.

लगतच्या बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याचे सय्यद शब्बीर यांना गोसेवेसाठी २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वडिलांपासून चालत आलेले हे व्रत त्यांनी दुष्काळी मुलखात सांभाळले. शंभराहून अधिक जनावरे पोसताना त्यांनी शेणखताच्या उत्पन्नाचा आधार घेतला, पण एकही जनावर कत्तलीला दिले नाही. साधने तुटपुंजी असूनही निष्ठा किती दूरवर नेते, याचे हे उदाहरण आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत येथील दात्यांचा उल्लेख आढळतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावच्या माणसांनी शेकडो कोसांवर दान पोचवले, त्या गावाला स्वतःच्या शिवारातील गायीसाठी चार पेंढ्या जड होऊ नयेत.

यासाठी ज्वारीची सुगी होताच प्रत्येक घराने कडब्याचा वाटा वेगळा काढावा. त्यातील काही गोशाळेत जावा. काही मात्र अडचणीतल्या शेतकऱ्याच्या दावणीला, त्याची गाय बाजाराला निघण्यापूर्वी, पोचावा. गेलेल्या गायीला फुले वाहावीत, अश्रूही ढाळावेत. पण तिच्यासारखी दुसरी गाय आपल्या घरापासून तुटू नये, एवढी दक्षता गावाने घेतली, तरच ती श्रद्धांजली तिच्यापर्यंत पोचेल.