चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

आज पदवी घेणारे डॉक्टर आणि परिचारिका, आणि सकाळपासून मागच्या खुर्च्यांवर बसून अवघडलेले त्यांचे आईवडील,

अशा समारंभात पाहुण्याने राष्ट्रउभारणीवर बोलावं अशी प्रथा आहे. मी जुलाबांवर बोलणार आहे. निमंत्रणात विषय ‘संवादकौशल्य आणि नीतिमत्ता’ असा छापलाय, त्यामुळे कुलसचिव जरा चपापले असतील. पण या विषयावरचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला धडा जुलाबांतूनच निघालेला आहे.

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि पश्चिम बंगालमध्ये बनगावला कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते शेकडा तीन-चारवर आलं. साखरेबरोबर आतड्यातून मीठ शोषलं जातं आणि मिठामागोमाग पाणी, एवढंच त्यामागचं शास्त्र. १९७८मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपायाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं.

शोध लागला, तरी मुलं मरतच होती. कारण तो शोध डॉक्टरांना माहीत होता, आयांना नव्हता.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८०मध्ये हे काम हाती घेतलं. फजले हसन आबेद यांची ही संस्था. घरोघर पाकिटं पोचवणं शक्य नव्हतं, म्हणून घरातलंच सामान वापरायचं ठरलं : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. गावोगाव तरुण मुली पाठवल्या. या मुलींनी भाषण द्यायचं नव्हतं. आईला तिच्याच भांड्यात, तिच्याच हाताने ते पाणी करायला लावायचं होतं. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून चिमूट तपासायची. सांगायचे मुद्दे दहा होते, पुढे कमी करून सात केले. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरं झाली.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पगाराची आहे. काही आठवड्यांनी तपासनीस त्यातल्या काही घरांत जायचा आणि आईला विचारायचा : काय काय आठवतं? करून दाखवा पाहू. आईला जेवढं आठवेल आणि जमेल, तेवढे पैसे शिकवणाऱ्या मुलीला. ती मुलगी किती घरं फिरली, किती छान बोलली, याला काही किंमत नव्हती. आमच्या विद्यापीठांत प्राध्यापकांचे पगार या पद्धतीने काढायचे म्हटलं तर काय हाहाकार उडेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

पुढे एक अडचण निघाली. आया पाणी अचूक बनवत होत्या, पण मूल आजारी पडलं की फारच थोड्या जणी ते पाजत होत्या. असं का, याचा शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांपैकीच अनेकींचा त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आणि समोरच्या बाईला हे शब्दांतून नाही तरी चेहऱ्यावरून कळत होतं. संस्थेने मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रात नेऊन हे पाणी शरीरात काय करतं ते दाखवलं. घरातले पुरुष वगळले गेले होते, त्यांच्याशीही बाजारात, मशिदीत जाऊन बोलणं सुरू केलं. वापर वाढला तो त्यानंतर.

इथेच थांबलो तर तुम्हाला वाटेल, परिणाम झाला म्हणजे संवाद चांगला. तसं नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे.

२०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. यामागे मुकादमाकडून घेतलेली उचल आहे, खाडा झाला की कापले जाणारे पैसे आहेत, फडावर ना संडास ना पाणी अशी स्थिती आहे. पण अनेक बायकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर म्हणाले, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’

हे वाक्य नीट पाहा. छोटं आहे, तिच्या भाषेत आहे, लगेच कळतं, विसरता येत नाही, आणि ऐकणारी त्याप्रमाणे वागते. ब्रॅकचा तपासनीस गेला असता तर या डॉक्टरला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. त्या वाक्यात नव्हतं ते एवढंच : पांढरं जाणं अनेकदा संसर्गामुळे असतं आणि औषधांनी बरं होतं, कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करता येते, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. खोटं बोलण्यापेक्षा अर्धं सांगणं जास्त चालतं, कारण पकडलं गेलं तरी ‘मी सांगितलं होतं’ म्हणता येतं.

संमतीचा कागद तर असतोच. खाली सही असते, नाहीतर अंगठा. सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा एक निकाल तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेल. ४४ वर्षांच्या एका बाईंनी फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना शस्त्रक्रियागृहाबाहेर त्यांच्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशयं काढली. हेतू वाईट होता असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ बाईऐवजी आईला विचारून भागत नाही, असं ठरलं. काय करणार, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरे पर्याय कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे संमतीआधी सांगायलाच हवं, हेही त्यात आहे.

प्रत्यक्षात वॉर्डात संमतिपत्र घेण्याचं काम सगळ्यांत ज्युनिअर माणसावर येतं. म्हणजे तुमच्यावर. रात्री अकराला, इंग्रजी छापील कागद, ‘इथे सही करा, इथे, आणि मागे.’ तुमची झोप झालेली नसते, हे मला माहीत आहे. तरीही सहीआधी एक प्रश्न विचारा : ‘मावशी, उद्या तुमचं काय करणार आहेत, मला सांगाल का?’ उत्तर ‘डॉक्टरांना माहीत’ असं आलं तर पेन खिशात ठेवा आणि खुर्ची ओढून बसा. हे सिस्टर डॉक्टरांपेक्षा चांगलं करतात, असं माझं निरीक्षण आहे. नव्या डॉक्टरांनी त्यांच्याकडून शिकायला लाजू नये.

आणखी एक प्रसंग तुमच्यावर हमखास येईल. रुग्णाचा थोरला मुलगा तुम्हाला जिन्यापाशी गाठेल आणि हात जोडून म्हणेल, ‘डॉक्टर, दादांना काही सांगू नका. ते खचतील.’ त्याच्यावर चिडू नका, तो प्रेमाने बोलतोय. पण आजार दादांचा आहे. दादांनाच विचारा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? काहींना सगळं हवं असतं. काही म्हणतात, मुलाशी बोला. दोन्ही उत्तरं मान्य करा. निर्णय मात्र जिन्यात होऊ देऊ नका.

आता कुलसचिव तुम्हाला प्रतिज्ञा देतील. तिचा मराठी मजकूर तुमच्या हातातल्या पत्रिकेत शेवटच्या पानावर आहे. तीच म्हणा, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी म्हणा.