फौजेत मुलगा धाडायचा तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलते. कोणी वाळवणांवर बोलले, कोणी मुलींच्या शिक्षणावर. यंदा मी लष्करातल्या भरतीवर बोलणार म्हटल्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, हा तर पुरुषांचा विषय!" मला तसे वाटत नाही. मैदानावर मुलगा धावतो हे खरे. पण त्याला पहाटे साडेचारला उठवायचे कोणी, हरभरे भिजत घालायचे कोणी, आणि नापास होऊन आला की दोन दिवस जेवत नाही त्याची समजूत घालायची कोणी? हे सगळे आपल्याच पदरात येते. मग विषय आपला नाही कसा?

आपला सातारा जिल्हा म्हणजे फौजी लोकांचा जिल्हा. मिलिटरी अपशिंग्याला तर घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. तिकडे कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पासूनचा. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, तीही आपल्या साताऱ्यात. तेव्हा आपल्याकडे मुले फौजेत जायला नाखूष आहेत असे कोणी म्हणू नये. भरतीच्या आधी दोन महिने पहाटे रस्त्याने चालून पाहा. काळोखात पोरांच्या रांगाच्या रांगा धावत असतात. जागा शेकड्यात आणि पोरे हजारात, अशी गर्दी होते.

आणि तरीसुद्धा फौजेला माणसे कमी पडतात! हे ऐकून मला प्रथम नवल वाटले. पण फौजेला दारे दोन आहेत. एक शिपायाचे, तिथे ही झुंबड. दुसरे अधिकाऱ्याचे, आणि तिथे वर्षानुवर्षे काही हजार जागा रिकाम्या राहतात. संसदेत हे पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. शहरातली हुशार मुले संगणकाच्या नोकरीकडे जातात, खेड्यातल्या हुशार मुलाला हे दुसरे दार ठाऊकच नसते. खडकवासल्याची प्रबोधिनी आपल्यापासून अडीच-तीन तासांवर. तिथे शिकायला सगळ्या हिंदुस्थानातून मुले येतात. आपली मुले मात्र शेजारच्या धरणावर सहलीला जातात आणि वाटेत तिचे फाटक बघून येतात. ही आपली जुनी उणीव आहे. ती भरून काढण्यासाठीच राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन मुले निवडतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे त्यांच्याकडून तयारी करून घेतात. किती जणींना हे ठाऊक आहे? आपल्या गल्लीत मी विचारले, तर दोघींनी नुसते नाव ऐकले होते.

अडचण मुख्यतः वयाची आहे. प्रबोधिनीत जायचे तर वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा वर्षातून दोनदा होते, तीही लोकसेवा आयोगाची. बारावीत असतानाच अर्ज करता येतो. स्थलसेनेला कोणतीही शाखा चालते. विमानदल व नौदल हवे असेल तर गणित, पदार्थविज्ञान व रसायन हवे. म्हणजे मुलगा दहावीला असतानाच घरात बोलणे व्हायला पाहिजे. आपल्याकडे ते होते केव्हा? मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जातो, कोणीतरी मित्र सांगतो, तोवर वीस उलटलेले असते. पदवीनंतर दुसरी परीक्षा आहे, नाही असे नाही, पण तोपर्यंत घरच्यांना घाई झालेली असते.

लेखी परीक्षा पास झाल्यावर पाच दिवसांची निवड असते. आपल्याकडची मुले त्यासाठी बहुधा भोपाळ किंवा बंगळूरला जातात. तिथे आपली मुले मागे पडतात. इंग्रजी कच्चे म्हणून पडतात असे सगळे म्हणतात. थोडे खरे आहे. पण जाऊन आलेल्या मुलांना विचारले तर वेगळेच समजते. तिथे आठ-दहा मुलांना गोल बसवून एखादा विषय देतात आणि बोला म्हणतात. दोरी, फळी व पिंप देऊन एवढा आडवा पट्टा ओलांडा म्हणतात, आणि कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण नुसता उभा राहतो हे पाहतात. घरच्या गोष्टी विचारतात. अमक्या वेळी तू काय केलेस, का केलेस, असे विचारतात. आता सांगा, आपल्या घरात मुलाला बोलू कोण देतो? "मोठ्यांच्या मधे बोलू नकोस." "तुला काय कळते?" सोळा वर्षे हे ऐकलेला मुलगा तिथे जाऊन एकदम तोंड कसे उघडणार? शिपायाच्या भरतीत छाती मोजतात, ती पावाने भरते. ही दुसरी छाती घरातल्या जेवणाच्या पंक्तीला भरते. लाईटचे बिल भरून ये, बँकेत जाऊन ये, आजीला दवाखान्यात दाखवून आण व डॉक्टर काय म्हणाले ते आम्हाला नीट सांग, असे मुलाला सांगावे. चुकला तर चुकू द्यावा. माझ्या मते याला कोणता क्लास लागत नाही.

मुलींचे थोडक्यात सांगते. १९९२ पासून मुलींना अधिकारी म्हणून काही शाखांत घेऊ लागले. २०२१ साली सुप्रीम कोर्टाने प्रबोधिनीचे दार त्यांना उघडून दिले. २०२२ साली पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करीत बाहेर पडल्या. शिपाई म्हणूनही लष्करी पोलिसांत मुली आहेत. त्यांची ८३ जणींची पहिली तुकडी २०२१ साली बंगळूरला तयार झाली. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी सरकारची सेवापूर्व संस्था आहे. तेव्हा वर मी जिथे जिथे मुलगा म्हटले, तिथे मुलगीही समजावी.

आता शिपायाच्या भरतीकडे येते, कारण शेवटी बहुतेक घरांतून मुले तिकडेच जातात. २०२३ पासून तिचा क्रम बदलला. पूर्वी आधी पळायचे व मग लेखी. आता आधी संगणकावर लेखी, आणि त्यात पास होईल त्यानेच मैदानात यायचे. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. तरी पोरे अजून पायावरच भिस्त ठेवून आहेत. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळणारा पोरगा सोप्या त्रैराशिकात अडकून घरी बसतो. आणि जे पळतात तेही डॉक्टरी तपासणीत गळतात, ते पुष्कळदा आपल्या दुर्लक्षाने. कानात मळ साचलेला, दातांना कीड, गुडघ्याला गुडघा घासणारा, हातावर भलत्या जागी गोंदलेले! दातांना तिथे गुण असतात, किमान १४ लागतात. दहाव्या वर्षी किडलेली दाढ "पडू दे, दुसरी येईल" म्हणून सोडली की अठराव्या वर्षी तो गुण कमी भरतो. जत्रेत गोंदवून घेण्याचे तर आजपासूनच बंद करा. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू व तळहाताची पाठ सोडून इतरत्र गोंदण चालत नाही.

एवढे करून मुलगा फौजेत गेला, की आपण पेढे वाटून मोकळे होतो. पण तो तिथे टिकणे ही निराळीच गोष्ट. वर जागा कमी होत जातात, बढती थांबते, म्हणून काही अधिकारी सोडतात. ते सरकारने बघावे. शिपायाला १५ वर्षे भरली की पेन्शन बसते, आणि पुष्कळ जण पुढे राहता येत असूनही तिथेच थांबतात. का थांबलात म्हणून विचारा, सीमेवरच्या थंडीचे नाव कोणी काढत नाही. म्हातारी एकटी होती, भावकीने बांध कोरला, पोरगा दहावीला आला, बायकोचे घरात पटेना, ही कारणे सांगतात. पुढच्या ठाण्यावर असला की बायकापोरांना बरोबर ठेवता येत नाही. वर्षाची दोन महिन्यांची रजा असते, वरती किरकोळ रजा. पण फौजीची रजा कशात जाते ते आपण पाहतोच. निम्मी तलाठ्याकडे, उरलेली मोजणीत आणि भांडणे मिटवण्यात. लेकराशी खेळायला चार दिवस उरतात. तो परत जातो तेव्हा विसावा घेऊन जात नाही, घोर घेऊन जातो.

जमिनीच्या दाव्याविषयी एक माहिती सांगून ठेवते, फौजीच्या घरच्यांनी लक्षात ठेवावी. १९२५ सालचा सैनिकांच्या दाव्यांचा एक कायदा आहे. जवान युद्धाच्या किंवा खास कामगिरीवर असल्यामुळे कोर्टात हजर राहू शकत नसेल, तर तसे कोर्टाला कळवून दावा तहकूब ठेवून घेता येतो. त्याच्या पलटणीचे साहेब कलेक्टरांना पत्रही लिहितात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आपल्याच गावात आहे. तिथे सुनेने एकटीने जायला हरकत नाही. पण सासू म्हणते, "बाईमाणसाने कचेरीत कशाला जायचे? तो आला की बघेल." तो येईपर्यंत बांध आणखी हातभर सरकतो! आपल्या मंडळातल्या दोन बायका तिच्याबरोबर गेल्या तर काय बिघडते?

अग्निवीरांबद्दल बोलले नाही तर तुम्ही मला खाली बसू देणार नाही. जून २०२२ मध्ये ही योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, पगार ३० हजारांपासून चढत ४० हजारांपर्यंत. दरमहा पगारातून काही रक्कम कापून तितकीच सरकार घालते, ती शेवटी व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार होईल असे तेव्हा सांगितले. विमा ४८ लाखांचा. पेन्शन नाही. शंभरातले २५ पर्यंत पुढे ठेवायचे, बाकीचे घरी. फौज तरुण राहावी, सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली यावे, हा हेतू सांगितला, आणि डोंगरातल्या लढाईचा विचार केला तर तो खोटा म्हणता येत नाही. पहिली मुले २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झाली, म्हणजे त्यांची चार वर्षे भरतात ती २०२६ सरताना. हा प्रकार अगदीच नवा नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर तातडीने घेतलेल्या पुष्कळ तरुण अधिकाऱ्यांना पुढे काही वर्षांनी मोकळे केले होते, व त्यांच्यासाठी सरकारी नोकऱ्यांत जागा राखल्या होत्या. आताही निमलष्करी दलांत दहा टक्के जागा राखण्याचे २०२२ सालीच जाहीर झाले.

पण मला काळजी आहे ती बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाची, जो परत येतो आणि आळीतल्या बायका विचारतात, "काढला का हो त्याला?" काढला नाही, त्याची मुदत भरली. हा फरक आपण नीट बोललो नाही, तर चार वर्षे पहारा दिलेले पोर गावात मान खाली घालून फिरेल, आणि त्याच्या मागची पोरे जायचे की नाही याचा विचार करू लागतील. लग्नाचेही तसेच. "अग्निवीर आहे म्हणे, पुढे काय?" म्हणून स्थळ परत जाते. मुलीच्या आईला पुढचे विचारण्याचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही, मीही विचारीन. पण खाजगी कंपनीतल्या मुलाची नोकरी चार वर्षे टिकेल याची हमी आपण कधी मागतो का? आणि ते अकरा लाख आले की ट्रॅक्टर किंवा थोरल्याच्या बंगल्याचा स्लॅब, असे घरात आधीच ठरलेले असते. तो पैसा मुलाच्या पुढल्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी आहे. चार वर्षे तो तिथे असतानाच एखादा अभ्यासक्रम पुरा करील, असे त्याच्या मागे लागावे. सुट्टी त्याला वर्षाला तीस दिवसच; तेव्हा हे पत्राने, फोनने व्हायला पाहिजे.

आता कामाचे. पुढल्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींना बोलवायचे ठरले आहे. आपल्याच वस्तीतले एक निवृत्त सुभेदार येऊन दोन्ही दारांची माहिती सांगणार आहेत. मुलांना गोल बसवून बोलायला लावायचे आहे, मराठीतून लावले तरी चालेल. येताना जन्मतारखेचा दाखला, दहावीच्या नंतर काय करायचे त्याचा मुलाने स्वतः लिहिलेला कागद, आणि ज्यांना दाढ दुखते त्यांनी दाढ घेऊन यावे. दातांच्या एक डॉक्टरीणबाई त्या दिवशी तासभर बसायला तयार झाल्या आहेत. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.