नदीचा मासा आणि तलावाचा मासा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभांतून महागाईभत्ता, बोनस आणि हजेरीपुस्तक यांवर बोलणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या साल्मन आणि स्टीलहेड या माशांवर तासभर बोलावे, हे जरा विचित्रच. मी स्वतः गळ टाकणारा नव्हे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. असे वाचताना कोर्टाचे निकालही वाचण्याची सवय लागली, आणि त्यांतच एकदा या माशांची गाठ पडली. पण कज्ज्यापूर्वी मासा सांगितला पाहिजे.

साल्मन जन्मतो नदीत. थंड, वाहत्या पाण्याच्या तळाशी मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते. पिले काही काळ नदीत वाढून समुद्रात उतरतात, तिथे दोन-चार वर्षे खाऊन पुष्ट होतात, आणि मग परत फिरतात ती जन्माच्या नदीकडेच. नदीची ओळख त्यांना पटते ती वासावरून. आपल्याकडे हे अगदीच अपरिचित नाही. आपला पाला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, तोही समुद्रातून नदीत चढणारा मासा. १९७५ साली गंगेवर फराक्क्याचा बंधारा पुरा झाला आणि वरच्या गावांचा पाला तुटला, हे आपण जाणतोच. पॅसिफिक किनाऱ्याच्या साल्मनची रीत मात्र याहून कठोर आहे. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम या त्याच्या पाचही जाती एकदा अंडी घातली की मरतात. काठाला लागलेल्या त्या कलेवरांवर अस्वले, गरुड, किडे, झाडे, सारे पोसतात, आणि पुढच्या वर्षीची पिलेदेखील.

स्टीलहेड म्हणजे पोलादी डोक्याचा. हा खरे पाहता रेनबो ट्राऊटच. एकाच जातीतले काही मासे जन्मभर नदीत राहतात आणि काही समुद्रात जाऊन येतात. जाऊन येणारा तो स्टीलहेड. तो साल्मनसारखा सर्वस्व संपवीत नाही. अंडी घालून त्यांतले काही पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा वर येतात. शिवाय त्याची वेळ निराळी. कोणी उन्हाळ्यात नदीत शिरतात आणि पुढच्या वसंतापर्यंत थांबून राहतात, तर कोणी ऐन हिवाळ्यात गोठत्या पाण्यातून चढतात. साल्मन झुंडीने येतो, स्टीलहेड एकएकटा. म्हणूनच एक मासा लागावा म्हणून हजार वेळा गळ फेकावा लागतो, अशी त्याची ख्याती तिकडे झाली आहे.

आता मासेमारी. नदीत चढणारा साल्मन अन्न घेत नाही, त्याचे पोट आक्रसून गेलेले असते. मग तो आमिषाला तोंड का लावतो? चिडून म्हणा, सवयीने म्हणा; जाणकारांचे यावर एकमत नाही. गळकऱ्याला एवढे कळते की आमिष त्याच्या नाकासमोरून गेले पाहिजे, हातभर बाजूने गेले तर व्यर्थ. म्हणून नदीत पाणी वाचावे लागते. साल्मन विसाव्याला खोल डोहात उतरतो. स्टीलहेड मात्र माणसाच्या चालीने वाहणाऱ्या, कमरेइतक्या पाण्यात, वेगवान आणि संथ धारेच्या सांध्यावर उभा असतो. त्याच्यासाठी कोणी खारवलेली गाबोळी तरंगकाडीखाली सोडतात, कोणी दोन हातांनी पेलायच्या लांब काठीने पिसांची माशी धारेवर आडवी झुलवतात. शरद ऋतूत तर आणखी एक मौज दिसते. साल्मनची मादी खळगा करीत असते आणि खालच्या अंगाला स्टीलहेड दबा धरून असतो, निसटलेली अंडी वाहून आली की गट्ट करायला. चतुर गळकरी तिथेच अंड्याएवढा रंगीत मणी सोडतो.

तलावात हे सारे शास्त्र निरुपयोगी. इथे धार नाही, सांधा नाही. मासा भुकेला आहे, पण आहे कुठे? मिशिगन सरोवराच्या काठी उभे राहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही. आपण त्याला समुद्रच म्हणू. तिथे मासा शोधावा लागतो तो तापमानावरून. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे थंडगार राहते, आणि मधल्या पट्ट्यात, पन्नास ते पंचावन्न अंश फॅरनहाइटच्या आसपास, चिनूक फिरतो. तिथवर आमिष पोचवायचे तर नावेच्या कडेला रहाट बसवून तारेने दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा सोडतात, आणि चकचकीत पत्र्याची आमिषे संथ गतीने ओढीत मैलोगणती हिंडतात. स्टीलहेड तलावातही आपल्या वळणावर जातो. तो किनाऱ्यापासून दूर, पृष्ठभागाजवळ, जिथे दोन पाणी भेटून कचरा आणि किडे यांची रेघ धरते तिथे सापडतो. त्याला हुकावर घेतले की तो पाण्याबाहेर उड्या मारतो. चिनूक खाली बुडी मारून दोर ओढीत नेतो.

म्हणजे नदीला रबरी बूट आणि एक काठी पुरते, पण उभे राहायला काठावर जागा हवी. तलावात जागा वाटेल तितकी, पण नाव हवी, इंजिन हवे, मासा दाखवणारे यंत्र हवे, तेल हवे. नदीवर भांडण जागेचे होते आणि तलावावर पैशाचे. इथूनच माझा विषय सुरू होतो.

कोलंबिया नदीवर साल्मन डब्यात भरण्याचा पहिला कारखाना १८६६ साली निघाला. वीस वर्षांत नदीच्या मुखाशी कारखान्यांची रांग लागली. मासे पकडणारे बहुतेक फिनलंड-नॉर्वेकडून आलेले. अ‍ॅस्टोरिया गावात १८८६ साली त्यांची संघटना उभी राहिली, आणि १८९६ साली माशाच्या दरासाठी त्यांनी असा संप केला की सरकारला सशस्त्र शिपाई पाठवावे लागले. त्या संपानंतर फिनिश कोळ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढला. आमच्या चळवळीतल्या माणसाला हे वाचून छाती फुगल्यासारखे वाटते. पण पान उलटले की त्याच ठिकाणी दुसरे चित्र आहे. कारखान्यात मासे कापणारे कामगार चिनी होते, आणि त्यांना नदीत जाळे टाकू दिले जात नसे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मासे कापणारे यंत्र आले, त्या यंत्राला चिनी माणसाला हिणवणारी शिवी हेच नाव दिले गेले आणि ती शिवी त्यावर ओतीव अक्षरांत उमटवून विकली गेली. संघटना होती, पण दाराशी बसलेल्यांना आत घेण्याची तिची तयारी नव्हती. संघटनेचा इतिहास सांगताना हे गाळू नये असे मला वाटते.

आणि सर्वांत जुने कोळी? नदीवर सिलायलो नावाचा धबधबा होता. तिथे आदिवासी जमाती हजारो वर्षे लाकडी मचाणांवरून हातजाळ्यांनी साल्मन उचलीत आल्या होत्या. १८५४-५५ साली अमेरिकन सरकारने या मुलखातल्या जमातींशी करार करून त्यांच्या जमिनी घेतल्या, आणि मोबदल्यात कबूल केले की नेहमीच्या जागी मासे पकडण्याचा हक्क त्यांना राहील, नव्या वसाहतकऱ्यांच्या बरोबरीने. त्यानंतर काय झाले? ग्रँड कूली धरण माशांसाठी वाट न ठेवता बांधले, ते १९४२ साली पुरे झाले आणि वरची सारी नदी साल्मनला बंद झाली. १० मार्च १९५७ रोजी डॅल्स धरणाचे दरवाजे मिटले आणि काही तासांत सिलायलो पाण्याखाली गेला.

आता स्टीलहेडचा कज्जा पाहा, ज्याच्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला. वॉशिंग्टन राज्याने १९२५ साली कायदा केला की स्टीलहेड गोड्या पाण्यात शिरला की तो 'खेळाचा मासा', म्हणजे तो काठीनेच धरावा, बाजारासाठी जाळ्याने नव्हे. वरवर पाहता किती सभ्य कायदा! माशाचे रक्षण होते, लूट थांबते. पण हिवाळ्यात नदीकाठच्या जमातींना मिळणारा ताजा मासा तो स्टीलहेडच, आणि त्यांची रीत जाळ्याची. काठी घेऊन येणारे कोण, तर शहरातून मोटारीने येणारे हौशी लोक. राज्याचा वनरक्षक जाळी जप्त करू लागला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक कोवळ्या वयात प्रथम पकडले गेले आणि पुढे पन्नासाहून अधिक वेळा पकडले गेले. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हट्टाने, उघडपणे, नदीत जाळी टाकून सत्याग्रह केला. मी हा शब्द जाणून वापरतो. लाठ्या खाल्ल्या, अश्रुधूर सोसला, पण जाळे टाकणे सोडले नाही.

१९७३ साली पुयालप जमातीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जाळे सर्वस्वी बंद आणि काठी खुली, हा नियम जमातीविरुद्ध पक्षपात करणारा आहे. पुढल्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९७४ रोजी, न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी 'बरोबरीने' या कराराच्या शब्दाचा अर्थ लावला. बरोबरीने म्हणजे पकडण्याजोग्या माशांत निम्मा वाटा. हे न्यायमूर्ती काही क्रांतिकारक नव्हते. जुन्या वळणाचे गृहस्थ, पण कागद नीट वाचणारे. त्यांच्या पुतळ्या जाळल्या गेल्या, तरी १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम केला. करारातला एकेक शब्द जपून ठेवावा हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. तिथे एका शब्दाला फळ यायला एकशेवीस वर्षे लागली.

तलावाची गोष्ट याहून निराळी, कारण तिथला साल्मन मुळी सरकारने पेरलेला. मोठ्या सरोवरांत समुद्री लँप्रे नावाचा, माशांना चिकटून रक्त शोषणारा प्राणी कालव्यांच्या वाटेने शिरला आणि तिथल्या मूळच्या लेक ट्राऊटचा त्याने फडशा पाडला. शिकारी मासा उरला नाही म्हणून एलवाइफ नावाची परकी छोटी मासळी बेसुमार माजली. १९६७ च्या उन्हाळ्यात ती मरून किनाऱ्यावर तिचे ढीग साचले. तत्पूर्वी, १९६६ च्या वसंतात, मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ऑरेगॉनहून आणलेल्या अंड्यांची कोहो पिले प्लॅट नदीत व आणखी काही प्रवाहांत सोडली होती. खाऱ्या पाण्याचे तोंडही न पाहता ती तलावात वाढली, एलवाइफवर पुष्ट झाली, आणि दुसऱ्या वर्षी माणसांचे लोंढे किनाऱ्याला लागले. तिकडे त्याला 'कोहोचा ताप' म्हणतात. त्याच सप्टेंबरात लहान होड्या घेऊन गेलेले लोक वादळात सापडले आणि सात जण बुडाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅस्लर यांनी तर पुढे पिलांना एका रसायनाच्या वासाची सवय लावली आणि त्या वासाने त्यांना ठरवलेल्या ओढ्यात परत आणून दाखवले. विज्ञान म्हणून हे अपूर्व आहे, यात शंका नाही.

पण खाते कोणासाठी पेरीत होते? हौशी गळकऱ्यासाठी, हे त्यांनी लपवलेही नाही. कारण परवाना घेणारा, खानावळीत जेवणारा, नाव विकत घेणारा माणूस जाळेवाल्यापेक्षा राज्याला अधिक पैसा देतो. हिशेब बरोबर होता. बंदरे गजबजली. आणि त्याच हिशेबाने धंदेवाईक कोळ्यांचे परवाने घटवले गेले, कल्ल्यांत मासा अडकवणारी त्यांची जाळी हळूहळू बंद केली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगलेला माणूस एका हुकमाने अडचण ठरला. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते पाहिलेल्या मुंबईकराला हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. तिथेही १८३६ च्या कराराच्या आधारे जमाती कोर्टात गेल्या, आणि १९७९ साली न्यायमूर्ती नोएल फॉक्स यांनी त्यांचा हक्क मान्य केला. परवानेवाल्या गोऱ्या कोळ्यांजवळ मात्र करार नव्हता. त्यांच्यातले बरेचसे धंदा सोडून गेले.

पेरलेल्या माशाची एक गोम आहे. समुद्रातून येणारा साल्मन आपले अन्न बाहेरून घेऊन येतो. तलावातला साल्मन एकाच ताटात जेवतो. १९८० नंतर जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर परकी शिंपली सरोवरांत आली. तिने पाणी गाळून गाळून सूक्ष्म जीव संपवले. २००३-०४ च्या सुमारास ह्यूरन सरोवरात एलवाइफ कोसळली आणि तिच्या मागोमाग चिनूक. ज्या बंदरांनी त्या एका माशाच्या भरवशावर धक्के आणि खानावळी बांधल्या होत्या, तिथे नावा विक्रीला लागल्या. गंमत अशी की परकी मासळी गेल्यावर तिथला मूळचा लेक ट्राऊट आपणहून पुन्हा वाढू लागला. हौशी मंडळी त्यावर नाराज आहेत. तो चिनूकसारखा झुंजत नाही अशी त्यांची तक्रार आहे. जेवणाऱ्याची तशी तक्रार ऐकिवात नाही.

नदीकडची शेवटची बातमी सांगतो आणि आपली रजा घेतो. कॅलिफोर्निया व ऑरेगॉन यांच्या सीमेवर क्लॅमथ नदी आहे. तिच्यावरची चार धरणे काठच्या जमातींनी वर्षानुवर्षे लढून काढायला लावली. २०२४ साली शेवटचे पाडकाम संपले. त्याच ऑक्टोबरात, शंभराहून अधिक वर्षे जिथे साल्मन पोचला नव्हता, त्या धरणांच्या वरच्या एका ओढ्यात चिनूक दिसला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रातली धंदेवाईक साल्मन मासेमारी, मासाच कमी म्हणून, सलग दुसऱ्या वर्षी बंद होती, आणि गळ-दोर तसेच गुंडाळून ठेवलेले होते.