वकील कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषय दिला वकिलांचा! मी सातवी शिकलेली. कोर्टाची पायरी चढू नये, एवढेच लहानपणापासून ऐकलेले. पण आमच्या घरी जे घडले ते तुम्हांपैकी पुष्कळजणींना अर्धेमुर्धे ठाऊक आहे, तेव्हा पुरते सांगितलेलेच बरे. वन्संना विचारून सांगते आहे. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत.

वन्संना मनाचा आजार आहे. आधी झोप जाते, मग कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे वाटू लागते. औषध चालू असले की त्या तुमच्याआमच्यासारख्याच. शिवणाचे मशीन त्यांच्यासारखे आपल्या गल्लीत दुसरे कोणी चालवीत नाही. पाच वर्षांपूर्वी आजार बळावला आणि त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. त्याच सुमारास खोलीचे प्रकरण निघाले. सासऱ्यांच्या मागे खोलीवर दोन नावे, ह्यांचे आणि वन्संचे. चाळ पाडून नवी इमारत व्हायची बोलणी चालली होती. एकच नाव राहिले तर काम सोपे होईल, असे ओळखीच्या एका वकिलांनी सांगितले आणि वन्संच्या हक्कसोडपत्राचा मसुदाही केला. "बाईंच्या बाजूनेही मीच पाहतो, काळजी करू नका," असे ते म्हणाले. फी आम्ही दिली. वन्संना ते एकदाही भेटले नाहीत, त्यांच्या वकीलपत्रावर वन्संची सही नव्हती. आणि खरे सांगते, मला त्यात काही वावगे वाटले नाही. आजारी माणसाला काय विचारायचे, सांभाळतो तर आपणच ना, असे माझे मन म्हणे.

कागद घेऊन आम्ही वॉर्डात गेलो. वन्संनी तो दोनदा वाचला, घडी करून उशीखाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला माझा वकील हवा."

तिथल्या सोशल वर्करबाईंनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवले. काही दिवसांनी एक तरुण वकीलबाई आल्या. मी त्यांना सगळी हकीकत सांगू लागले, तर त्यांनी हात जोडले. "वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसा. माझ्या पक्षकार त्या आहेत." अर्धा तास मी व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर जेवणाचा डबा. असा संताप आला होता म्हणून सांगू! रोज डबा मी आणायचा, कपडे मी धुवायचे, आणि बाहेरही मीच बसायचे.

त्या दुसऱ्यांदा आल्या त्या दुपार उलटल्यावर, कारण सकाळच्या गोळीने वन्संना गुंगी असे. तेच प्रश्न पुन्हा साध्या मराठीत विचारले. सही केली तर काय होईल, न केली तर काय होईल, हे दोन्ही सांगितले. उत्तर पहिल्या दिवसाचेच आले, तेव्हा कुठे त्यांनी लिहून घेतले. वन्संना खोलीवरचे नाव सोडायचे नव्हते. आत आणखी काय बोलणे झाले, ते त्यांनी आम्हांला कधी सांगितले नाही.

मी एकदा त्यांना विचारलेच, "वन्संचे भले कशात आहे ते तुम्ही पाहायला नको का?" त्या म्हणाल्या, "वहिनी, त्यांच्या भल्याचे डॉक्टर बोलतात, तुम्ही बोलता, उद्या न्यायाधीशही बोलतील. त्यांचे स्वतःचे म्हणणे मांडायला मी एकटीच आहे. मला पटले नाही तर ते मी त्यांना खोलीत सांगेन, कोर्टात नाही."

पुढे मी त्यांच्याकडून नियम समजून घेतले. वकिलीचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वर्तनाचे नियम घातले आहेत. पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस, याखेरीज दुसऱ्या कोणाच्याही सांगण्यावरून वकिलाने वागायचे नाही. फी भावाने दिली म्हणून वकील भावाचा होत नाही. दुसऱ्या बाजूशी आपला संबंध असेल तर तो आधीच उघड करायचा. एकाला सल्ला देऊन त्याच कामात त्याच्या विरुद्ध बाजूने उभे राहायचे नाही. पक्षकाराचे गुपित फोडायचे नाही. वेड्यांसाठी वेगळे नियम, शहाण्यांसाठी वेगळे, असे त्यात कुठेही नाही. याविरुद्ध वागणाऱ्या वकिलाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. आम्ही केली नाही. निम्मा दोष आमचाच होता.

वकीलबाईंनी पुण्याच्या एका जोडप्याचा खटलाही सांगितला. लग्न १९५६ सालचे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७५ सालचा. लग्नाआधी बायको येरवड्याच्या मनोरुग्णालयात होती हे लपवले म्हणून लग्न रद्द करा, नाहीतर ती वेडी म्हणून घटस्फोट द्या, तेही नसेल तर छळ करते म्हणून वेगळे राहू द्या, असे नवऱ्याचे मागणे. तो तिला मनाच्या डॉक्टरांकडे तपासायला नेऊ पाहत होता. आपल्याला वेडी ठरवायला हा पुरावा गोळा होतो आहे, हे तिच्या मनात आले आणि तिने पुढे जायचे नाकारले. फसवणूक आणि वेड हे दोन्ही मुद्दे कोर्टात टिकले नाहीत. तिच्या वागण्यात छळ होता असे न्यायालयाने म्हटले, पण नवऱ्याने ते पोटात घालून संसार चालू ठेवला होता, म्हणून त्याचे अपील फेटाळले. मला आपले वाटले, त्या बाईचा वकील नवऱ्याने नेमलेला असता तर?

आता २०१७ सालचा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. मनाचा आजार आहे एवढ्यावरून माणूस भ्रमिष्ट ठरत नाही, ते कोर्टाने ठरवावे लागते, असे त्यात स्पष्ट आहे. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी रुग्णाने आपण निवडायचा. त्याला फुकट वकील मिळतो, आणि तसे सांगणे हे डॉक्टर, पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांचे कर्तव्य आहे. बायकांना तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मिळकत न पाहता वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करायचा. दाखल करण्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल गाऱ्हाणे असले तर त्यासाठी पुनर्विलोकन मंडळ असते, तिथेही वकील नेता येतो.

हे सगळे कशासाठी, तर ठाण्याचे मनोरुग्णालय आठवा. ते १९०१ सालचे. तिथे एक बाई बरी होऊनही वर्षानुवर्षे पडून राहिली, असे पुढे आले आणि डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. माणूस बरा झाला तरी न्यायला कोणी येत नाही. तिथे तिच्या बाजूने बोलणारे कोणी असते तर इतकी वर्षे गेली नसती. आपल्या शेजारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने अशाच बायकांना पुन्हा पायावर उभे करण्यासाठी २०११ साली 'तराशा' हा उपक्रम सुरू केला.

आमची खोली अजून दोन नावांवरच आहे. इमारतीचे म्हणाल तर एक वीट अजून हललेली नाही, तेव्हा घाई कशाची होती ते देवालाच ठाऊक. तो मसुदा वन्संनी फाडला नाही, ट्रंकेत ठेवला आहे. पहिला महिनाभर आमचे एकमेकींशी बोलणे नव्हते. मग एके दिवशी त्यांनी माझ्या पोलक्याची बाही उसवून नीट करून दिली आणि मी चहा टाकला.

कोणाला विधी सेवेकडे अर्ज करायचा असेल तर मंगळवारी दुपारी मंडळात या. कागद मी देईन. लिहून मात्र वन्सं देतील, त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे.